मुलांचा दमा: शिकायला भरवशाच्या जागा कोणत्या आणि त्यांतून नेमकं काय घ्यायचं?

निशिगंध (धागाकर्ती)

मुलाला दमा आहे असं डॉक्टरांनी सांगितलं की घरात वाचन सुरू होतं. वाचायला रग्गड मिळतं, पण त्यातलं बरंचसं मोठ्यांच्या दम्याबद्दल असतं, काही फार जुनं असतं आणि उरलेलं काहीतरी विकायला बसलेलं असतं. दवाखान्यात पंप (म्हणजे इनहेलर), स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी, जिच्यातून मूल औषध श्वासाने ओढतं), औषधांची नावं सगळं भराभर सांगून होतं आणि घरी आल्यावर त्यातलं निम्मं आठवत नाही. तेव्हा शिकायचं कुठे, शिकलेलं बरोबर आहे हे तपासायचं कसं, शाळेला काय द्यायचं आणि आधार कुठे मिळतो, हे एका जागी असावं म्हणून हा धागा.

नियम दोनच. 'दमा मुळापासून बरा' छापाचे दुवे नकोत. आणि कुणाच्या मुलाला किती डोस द्यावा, हे इथे कुणी सांगू नये.

सुरुवात मी करते.

ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा, म्हणजे 'गिना'. १९९३ पासूनची संस्था. दम्याच्या उपचारांचा अहवाल दरवर्षी सुधारून काढते आणि तो साइटवरून फुकट उतरवून घेता येतो. लिहिलेला डॉक्टरांसाठी आहे, पण तक्ते कुणालाही वाचता येतात. एकच काळजी घ्या: वयाचे तीन गट वेगळे आहेत. ५ वर्षं आणि त्याखालची मुलं, ६ ते ११, आणि १२ व त्यापुढची (ही मोठ्यांबरोबर मोजली जातात). चार वर्षांच्या मुलासाठी बारा वर्षांच्या पुढचा तक्ता वाचत बसलात तर डॉक्टरांनी दिलेलं सगळंच चुकीचं वाटायला लागेल.

पालकांच्या भाषेत लिहिलेलं हवं असेल तर अस्थमा अँड लंग यूके ही संस्था बघा. प्रत्येक प्रकारच्या इनहेलरचा वेगळा छोटा व्हिडिओ आहे. नॅशनल अस्थमा कौन्सिल ऑस्ट्रेलियाचे व्हिडिओ आणि प्रथमोपचाराचे फलकही उत्तम, छापून भिंतीवर लावण्याजोगे. लहान मुलांपुरतंच वाचायचं असेल तर टोरंटोच्या सिककिड्स रुग्णालयाचं 'अबाउट किड्स हेल्थ' आणि मेलबर्नच्या रॉयल चिल्ड्रन्स हॉस्पिटलची 'किड्स हेल्थ इन्फो' पत्रकं. मेलबर्नची पत्रकं आटोपशीर आहेत. घरातल्या ज्या माणसाला लांबलचक वाचायचा कंटाळा आहे, त्याच्या हातात ती द्या.

आता तुमची भर येऊ द्या.

---

डबी-बाटली

चांगला धागा. औषधाच्या काउंटरच्या या बाजूने थोडं.

परदेशी पानं वाचताना पहिला घोटाळा नावांचा. अमेरिकन पानांवर 'अल्ब्युटेरॉल' लिहिलेलं असतं आणि बाकी बहुतेक ठिकाणी 'साल्ब्युटामॉल'. औषध एकच, धाप लागल्यावर लगेच आराम देणारं. एका पानावर पफमागे (पंप एकदा दाबला की सुटणारा फवारा) ९० मायक्रोग्रॅम आणि दुसऱ्यावर १०० दिसलं, तर एकीकडे पंपाच्या तोंडातून बाहेर पडणारं माप लिहिलंय आणि दुसरीकडे आतल्या झडपेतून सुटणारं. त्यावरून हिशोब मांडून पफ वाढवू-घटवू नका.

दुसरा घोटाळा रंगांचा. 'निळा म्हणजे आरामाचा, तपकिरी म्हणजे रोजचा' हे सगळीकडे लागू नाही, कंपनीगणिक रंग बदलतात. पंपाच्या अंगावर मोठ्या अक्षरांत लेबल चिकटवा: 'रोज' आणि 'धाप लागली तर'. शिवाय बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा (सूज कमी करणारं आणि श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध एकत्र) एकच पंप दोन्ही कामांना वापरायची पद्धत आता काही मुलांनाही दिली जाते. त्यांच्यासाठी 'दोन पंप, दोन रंग'वाली पत्रकं चक्क चुकीची ठरतात. मुलाची पद्धत कोणती हे डॉक्टरांकडून वहीत लिहून घ्या, मग पत्रक निवडा.

पंप संपला की नाही हे पाण्यात तरंगवून बघायचं, असं अजूनही काही ठिकाणी लिहिलेलं असतं. ते करू नका. त्यातून काही कळत नाही आणि वर झडपेत पाणी जातं. औषध संपल्यावरही पंपातून फुस्स आवाज करत नुसता वायू येत राहतो, म्हणून आवाजावरही विसंबू नका. पंपाला आकडा दाखवणारी खिडकी असेल तर ती बघा. नसेल तर सरळ हिशोब: १२० पफांचा पंप, सकाळी २ आणि रात्री २, म्हणजे ३० दिवस. संपायची तारीख पंपावरच लिहून ठेवा. ती तारीख उलटून गेली तरी पंपात औषध शिल्लक असेल, तर घरात डोस चुकताहेत.

आणि उलट बाजू. आरामाचा २०० पफांचा पंप वर्षात तीन किंवा जास्त लागत असेल, तर गिनाच्या मते तो धोक्याचा इशारा आहे. रोजचं औषध पुरत नाही, पोचत नाही किंवा घेतलं जात नाही. यातलं काय ते डॉक्टरांना शोधू द्या, पण पंप किती लागले हे त्यांना सांगायचं काम आपलं.

---

फुफ्फुसपुराण

वरच्या दोन्ही प्रतिसादांना +१.

माझं मत: कुठलाही स्रोत चांगला की वाईट, हे तो स्पेसर कसा शिकवतो यावरून ठरवावं. गिनाच्याच अहवालात म्हटलंय की इनहेलर वापरणाऱ्यांपैकी ७० ते ८० टक्क्यांपर्यंत लोकांची पद्धत चुकते, आणि एकदा शिकवलं तरी चार-सहा आठवड्यांत चुका परत येतात. म्हणजे औषध बदलायचा विचार करण्याआधी हात बघायला हवेत.

व्हिडिओ लावा आणि त्यात हे सगळं दिसतंय का ते शोधा:

पंपाचं झाकण काढून तोंडात कचरा नाही ना, हे बघणं. पंप चांगला हलवणं. स्पेसरला जोडणं. मूल सरळ बसलेलं किंवा उभं, आडवं नाही. मास्क नाक आणि तोंड दोन्ही झाकून गालांना घट्ट टेकलेला. मग एकच पफ. लगेच पाच-सहा साधे, शांत श्वास, आणि प्रत्येक श्वासाला स्पेसरची झडप हललेली दिसणं. दुसरा पफ हवा असेल तर अर्धा मिनिट थांबून, पंप पुन्हा हलवून.

कुठे बिघडतं? सगळ्यात जास्त मास्कच्या कडेला. बोटभर फट राहिली तरी मूल त्या फटीतून खोलीतली हवा ओढतं, स्पेसरमधलं औषध तिथेच राहतं आणि झडप हलत नाही. म्हणून नजर मुलाच्या चेहऱ्याइतकीच झडपेवर हवी. दुसरी चूक, वेळ वाचवायला दोन-तीन पफ एकदम मारणं. कण एकमेकांना आणि भिंतींना चिकटतात, फुफ्फुसापर्यंत पोचणारं औषध उलट कमी होतं. तिसरी, पफ मारून मग मुलाला समजावत बसणं. तोवर औषध खाली बसतं. आधी मास्क, मग पफ.

साधारण चार-पाच वर्षांचं मूल ओठ आवळून तोंडाने श्वास घेऊ लागलं की मास्क काढून तोंडात धरायच्या नळीवर या. नाकातून घेतलं की बरंच औषध नाकातच गाळलं जातं. मूल मोठं झालं तरी मास्कच चालू ठेवलेला खूपदा दिसतो, कारण बदलायला कुणी सांगितलेलंच नसतं.

---

रानवारा

दीड-दोन वर्षांचं मूल मास्क जवळ आणला की किंचाळतं, हात मारतं. व्हिडिओतली मुलं मात्र बाहुलीसारखी शांत बसलेली. याबद्दल कुठेच का नसतं? आणि झोपेत दिलं तर चालतं का?

---

फुफ्फुसपुराण

@रानवारा, 'रडताना मूल मोठे श्वास घेतं, म्हणजे औषध जास्त जातं' हा समज चुकीचा आहे. रडताना उच्छ्वास लांब आणि श्वास तोकडा, झटक्याचा असतो. औषध घशात आदळतं आणि गिळलं जातं. झोपेत द्यायला हरकत नाही असं वाटतं, पण मास्क टेकताच बरीच मुलं जागी होऊन जास्तच बिथरतात, त्यामुळे ती सवय करून भरवसा ठेवू नका.

सराव पंपाशिवाय करायचा. रिकामा स्पेसर खेळण्यांत ठेवा. आधी मुलाने तो बाहुलीला लावायचा, मग आईबाबांना, मग स्वतःला. मास्क मुलाच्याच हाताने धरू द्या, तुमचा हात त्यावर. मोठ्याने एक ते सहा मोजा, म्हणजे हे कधी संपणार ते त्याला कळतं. प्रत्यक्ष देताना मुलाला मांडीत पाठमोरं घ्या, त्याची पाठ तुमच्या छातीला, एक हात कपाळावर, दुसऱ्या हाताने मास्क. मास्क थोडा दूर धरून 'हवेत' देऊ नका, त्यातून जवळपास काहीच जात नाही. नेब्युलायझरच्या (औषधाची वाफ करून देणारं यंत्र) मास्कलाही हेच लागू.

मात्र खरंच धाप लागलेली असेल तर रडत असलं तरी घट्ट धरून द्यायचंच. समजूत नंतर.

नेब्युलायझरचा विषय निघालाच आहे तर: साध्या आणि मध्यम झटक्यात पंप-स्पेसर हा नेब्युलायझरइतकाच काम करतो, हे अनेक अभ्यास एकत्र करून कोक्रेन या संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या समीक्षेने दाखवलेलं आहे. वाफ म्हणजे 'जोरदार उपचार' आणि पंप म्हणजे 'हलका' असं नाही. आणि साल्ब्युटामॉलचं पातळ औषध चमच्याने देणं हा पर्याय गिना सुचवत नाही, कारण परिणाम उशिरा होतो आणि हात थरथरणं, छाती धडधडणं जास्त.

---

डबी-बाटली

स्पेसर धुण्याबद्दल कुणी बोललं नाही. प्लास्टिकच्या नव्या स्पेसरच्या आत स्थिर वीज असते आणि औषधाचे कण भिंतीला चिकटतात. म्हणून वापरायच्या आधी आणि पुढे महिन्यातून एकदा सगळे भाग सुटे करून कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन-चार थेंब टाकून बुडवा, हलकेच हलवा आणि निथळत ठेवून आपोआप वाळू द्या. आतून कापडाने पुसलंत की वीज परत आली. तोंडाला लागणारा भाग तेवढा स्वच्छ करून घ्या. काही स्पेसर स्थिर वीज न धरणाऱ्या प्लास्टिकचे असतात, त्यांच्या चिठ्ठीत वेगळं लिहिलेलं असेल तर ते पाळा. झडप वाकडी, ताठ किंवा फाटलेली दिसली की स्पेसर बदला.

पंप नवा असेल किंवा बरेच दिवस वापरला नसेल तर आधी हवेत काही पफ सोडायचे. किती ते त्या पंपाच्या चिठ्ठीत असतं.

---

निशिगंध (धागाकर्ती)

हे फारच कामाचं. आता लिखित आराखड्याबद्दल (रोज कोणतं औषध, त्रास वाढला तर काय करायचं, हे लिहिलेला कागद) कुणी लिहाल का? साइटवर कोरे नमुने पुष्कळ आहेत, पण ते स्वतः भरायचे की डॉक्टरांकडून?

---

फुफ्फुसपुराण

भरायचा डॉक्टरांनी, पण कोरा नमुना घेऊन जायचं तुम्ही. डॉक्टर नाही म्हणत नाहीत. समोर कागद असला की पेन आपोआप चालतं.

हिरवा, पिवळा, लाल असे तीन भाग असतात. घरी आणायच्या आधी प्रत्येक भागावर नजर टाका.

हिरव्यात रोजच्या औषधाचं नाव, किती पफ, किती वेळा. 'नेहमीप्रमाणे' असं लिहिलेलं चालणार नाही, कारण मूल दुसऱ्याच्या घरी राहायला गेलं तर त्या घरात नेहमीचं म्हणजे काय ते ठाऊक नसतं.

पिवळा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात आळसाने भरलेला. त्यात लक्षणं तुमच्या मुलाची हवीत. काही मुलांची सुरुवात नाक वाहण्याने होते, काहींची पहाटेच्या खोकल्याने, काही नुसती खेळ सोडून बसतात. मग आरामाच्या औषधाचे किती पफ, किती वेळाने पुन्हा, आणि कुठवर थांबायचं. या 'कुठवर'ला आकडा हवाच. उदाहरणार्थ, ५ वर्षं आणि त्याखालच्या मुलांसाठी गिनाच्या मजकुरात असं आहे: पहिल्या दोन तासांत ६ पेक्षा जास्त पफ लागले, किंवा २४ तासांत मूल पूर्ववत झालं नाही, तर वैद्यकीय मदत घ्या. तान्ह्या बाळाला, म्हणजे वर्षाच्या आतल्या, काही तासांत औषध पुन्हा पुन्हा द्यावं लागत असेल तर वाट बघूच नये.

लाल भागात चिन्हं: बरगड्यांमधली किंवा गळ्याखालची कातडी आत ओढली जाणं, पोट जोरात उडणं, नाकपुड्या फुलणं, एक वाक्य सलग न बोलता येणं, बाळाला दूध ओढता न येणं, सुस्ती, ओठ-जीभ निळसर होणं. सावळ्या कातडीवर निळेपणा पटकन दिसत नाही, तिथे ओठांची आतली बाजू आणि हिरड्या बघा, त्या राखाडी दिसतात. आणि एक, जे बहुतेक पत्रकांत हरवतं: छातीतली सुईं-सुईं अचानक थांबली पण मूल दमलेलंच आहे, तर बरं वाटतंय असं समजू नका. हवाच आत-बाहेर होत नाहीये. तत्काळ मदत बोलवा.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर घरी फार विसंबू नका. गडद कातडीवर तो आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवू शकतो, आणि थंड, हलणाऱ्या बोटावर तर काहीही. आकडा चांगला आणि बरगड्या ओढल्या जाताहेत, तर बरगड्यांवर विश्वास ठेवा.

---

अनुस्वार

एक भर, नाहीतर लोक गोंधळतील. प्रथमोपचाराचे आकडे देशागणिक वेगळे आहेत. ऑस्ट्रेलियाच्या फलकांवर चार पफ, एकेक करून, प्रत्येकाला चार श्वास, मग चार मिनिटं थांबा, फरक नसेल तर पुन्हा तसेच चार पफ, तरीही फरक नसेल तर रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत हेच चालू ठेवा. ब्रिटनमध्ये दर ३० ते ६० सेकंदांनी एक पफ, जास्तीत जास्त दहा. दोन्ही विचारपूर्वक ठरवलेले आहेत. पण भिंतीवर एक, दप्तरात दुसरं आणि आराखड्यात तिसरं असं ठेवू नका. मुलाच्या आराखड्यात जे असेल तेच सगळीकडे. छापलेल्या फलकावरचा आपत्कालीन क्रमांकही त्या देशाचा असतो, तो खोडून आपल्याकडचा लिहा.

---

रानवारा

पीक फ्लो मीटर (किती जोरात फुंकता येतं ते मोजणारं छोटं साधन) घ्यावा का? काही साइट म्हणतात आवश्यक, काही उल्लेखसुद्धा करत नाहीत.

---

अनुस्वार

माझ्या मते बहुतेक मुलांना गरज नाही. पाच-सहा वर्षांखालच्या मुलाला नीट फुंकताच येत नाही, आणि मोठी मुलं थुंकल्यासारखं जिभेने फुंकून आकडा वाटेल तेवढा वर नेतात.

---

फुफ्फुसपुराण

अर्धा सहमत. ज्या मुलांना स्वतःची धाप कळत नाही, खोल झटका येईपर्यंत हसत-खेळत असतात, त्यांना त्याचा खरा उपयोग आहे. मग नीट करा: उभं राहून, पूर्ण श्वास घेऊन, तीनदा फुंकून त्यातला सर्वांत मोठा आकडा. दमा आटोक्यात असताना दोन आठवडे नोंद करून त्या मुलाचा स्वतःचा उत्तम आकडा ठरवायचा. आराखड्यात त्याच्या ८० टक्क्यांवर हिरवा, ५० ते ८० पिवळा आणि ५० खाली लाल अशी सर्वसाधारण वाटणी असते. पुस्तकातल्या सरासरीशी तुलना करून काही हाती लागत नाही. आणि मूल वाढतं, तसा उत्तम आकडाही वाढतो, तो अधूनमधून पुन्हा ठरवावा लागतो.

बाकीच्यांसाठी प्रश्नावली पुरे. ४ ते ११ वर्षांसाठी चाइल्डहुड अस्थमा कंट्रोल टेस्ट: सात प्रश्न, पहिले चार मुलाने आणि उरलेले तीन पालकांनी सोडवायचे, २७ पैकी १९ किंवा कमी आले तर दमा आटोक्यात नाही. १२ च्या पुढे पाच प्रश्नांची, २५ पैकी, तिथेही १९ किंवा कमी हीच रेषा. पाचच्या आतल्यांसाठी 'ट्रॅक' नावाची, पालकांनी भरायची, १०० पैकी ८० च्या खाली म्हणजे लक्ष द्या. मुलाने स्वतः दिलेली उत्तरं पालकांच्या अंदाजापेक्षा वेगळी निघतात, त्यामुळे पहिल्या चार प्रश्नांना मध्ये बोलू नका.

---

अनुस्वार

ठीक, स्वतःची धाप न कळणाऱ्यांबद्दल मान्य.

आता माझा आवडता विषय: रोजच्या पंपातल्या सूज कमी करणाऱ्या स्टेरॉइडची भीती. पालकांच्या गटांत यावर जितकं खोटं फिरतं तितकं दुसऱ्या कशावर नाही. नेमकी माहिती अशी. चाइल्डहुड अस्थमा मॅनेजमेंट प्रोग्राम या अमेरिकी अभ्यासात ५ ते १२ वर्षांच्या हजारावर मुलांना चार ते सहा वर्षं औषधं दिली होती. बुडेसोनाइड रोज ४०० मायक्रोग्रॅम घेतलेल्या गटाची प्रौढपणीची उंची, औषध नसलेला पंप घेतलेल्या गटापेक्षा सरासरी १.२ सेंटिमीटर कमी भरली. हा निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाला. फरक सुरुवातीच्या एक-दोन वर्षांत पडतो, दरवर्षी वाढत जात नाही. म्हणजे परिणाम शून्य म्हणणाराही चूक आणि 'वाढ खुंटते' म्हणणाराही. दमा आटोक्याबाहेर राहिला तर वारंवार तोंडावाटे स्टेरॉइडचे कोर्स लागतात, ते शरीरभर जातात. तुलना त्याच्याशी करायला हवी. डॉक्टरांकडे निदान वर्षातून एकदा उंची मोजून घ्या, कमीत कमी किती डोसवर भागतं ते विचारा. औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका.

'पंपाची सवय लागते' याबद्दल: लागत नाही. लक्षणं परततात ती श्वासनलिकांची सूज परत आल्यामुळे.

मोंटेल्युकास्ट (दम्यासाठी तोंडाने घ्यायचं औषध) चालू असेल तर हे माहीत असू द्या. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर ठळक चौकटीतला इशारा घातला: चिडचिड, वाईट स्वप्नं, उदासी, वागण्यात बदल. सगळ्यांना होतं असं नाही, पण नवीन औषधानंतर मूल अचानक बदललं तर 'वयच तसं आहे' म्हणून सोडून न देता डॉक्टरांना कळवा.

साइट पारखताना मी तारीख बघतो, पैसे कोण देतं ते बघतो, आणि एक तिसरी खूण. जिथे रोजच्या सूज कमी करणाऱ्या औषधाचा उल्लेख न करता नुसता आरामाचा पंप सांगितलाय, ते पान मिटवायचं. २०१९ पासून गिना १२ च्या पुढे नुसत्या आरामाच्या पंपावर उपचार करू नका असं सांगते, आणि ६ ते ११ च्या सौम्य दम्यातही आरामाचा पंप घेताना बरोबर सूज कमी करणारं औषध घेण्याचा पर्याय देते.

---

खडूफळा

शाळेच्या बाजूने लिहितो. पालक शाळेला 'याला दमा आहे' एवढं सांगतात आणि खेळाच्या तासाला बसवून ठेवा म्हणतात. हे दोन्ही अपुरं.

शाळेला द्यायचं ते असं: डॉक्टरांनी भरलेल्या आराखड्याची प्रत, आरामाचा पंप आणि स्पेसर (पंप एकटा देऊ नका), दोन्हींवर मुलाचं नाव आणि वर्ग, पंपाची मुदत संपायची तारीख मोठ्या अक्षरांत पिशवीवर. पिशवी कुठे ठेवणार ते विचारा. कपाटाला कुलूप आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे, असं उत्तर आलं तर नम्रपणे पण ठामपणे नाही म्हणा. मैदानावर जाताना पिशवी बरोबर जायला हवी. सहलीला कोण नेणार, बदली शिक्षकांना कोण सांगणार, हेही विचारा. वर्गशिक्षक बदलले की हे सगळं पुन्हा.

खेळ बंद करू नका. आधी दहा-एक मिनिटं हळूहळू अंग गरम करणं, आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तर खेळाआधी पंप. तरीही रोज धाप लागत असेल तर दमा आटोक्यात नाही असा त्याचा अर्थ. शिक्षकांनी ते पालकांना कळवावं, मुलाला कोपऱ्यात बसवू नये.

धाप लागलेल्या मुलाला पंप आणायला एकट्याने दुसऱ्या मजल्यावर पाठवणं, ही शाळेतली सगळ्यात धोकादायक गोष्ट. पंप मुलाकडे येतो, मूल पंपाकडे जात नाही. त्याला बसवा, किंचित पुढे झुकू द्या, आडवं करू नका, सोबत एक मोठं माणूस थांबवा.

लांब सुट्टीनंतर शाळा उघडली की पुढच्या काही आठवड्यांत झटके वाढतात. सर्दीचे विषाणू एकत्र येतात आणि सुट्टीत रोजचं औषध सुटलेलं असतं. शाळा उघडायच्या दोन-तीन आठवडे आधी औषध पुन्हा नियमित सुरू आहे ना, हे बघा.

वर्गात शिकवायचं असेल तर अमेरिकन लंग असोसिएशनचा 'ओपन एअरवेज फॉर स्कूल्स' हा ८ ते ११ वयाच्या मुलांसाठीचा कार्यक्रम बघण्यासारखा आहे: ४० मिनिटांचे सहा तास, खेळातून. मोठ्या वर्गांसाठी ऑस्ट्रेलियात 'ट्रिपल ए' नावाची पद्धत निघाली, तिथे वरच्या वर्गातली मुलं खालच्या वर्गाला दम्याबद्दल शिकवतात. किशोरवयीन मुलं आपल्यापेक्षा आपल्यासारख्यांचं ऐकतात, हे त्यात बरोबर पकडलंय. मे महिन्याचा पहिला मंगळवार हा जागतिक दमा दिन. शाळेत विषय काढायला निमित्त म्हणून बरा.

---

निशिगंध (धागाकर्ती)

खडूफळा सर, आभार. आधारगटांबद्दल कुणी?

---

वहीचं पान

अस्थमा अँड अ‍ॅलर्जी फाउंडेशन ऑफ अमेरिका (१९५३ पासूनची) ऑनलाइन समुदाय चालवते, पालकांनाही प्रवेश आहे. गट कुठलाही असो, आत शिरायच्या आधी बघा की नियम लिहिलेले आहेत का, कुणी देखरेख करतं का आणि औषध बंद करायचे सल्ले काढून टाकले जातात का.

एक लक्षात ठेवा: गटात सतत लिहितात ते ज्यांच्या मुलांचा दमा तीव्र आहे ते. ज्यांचं ठीक चाललंय ते लिहीत नाहीत. नुकतंच निदान झालेल्या पालकाला तिथे फक्त अतिदक्षता विभागच दिसतो आणि रात्रीची झोप उडते. आधी महिनाभर नुसतं वाचा. विचारायचं ते 'मास्क कसा लावू देतात', 'शाळेशी कसं बोलता', 'दोन घरांत औषधाची नोंद कशी ठेवता' असलं. डोस तिथे विचारायचा नाही. आणि आराखड्याचा फोटो टाकताना मुलाचं नाव, जन्मतारीख, शाळा झाका.

ऑनलाइनपेक्षा जास्त उपयोगाचं माणूस बऱ्याचदा दवाखान्यातच असतं: दम्याचं प्रशिक्षण घेतलेली परिचारिका, श्वसनाचे फिजिओथेरपिस्ट किंवा औषधविक्रेते. डॉक्टरांना थेट विचारा की पंप शिकवायला कोण बसतं. भेटीला जाताना स्पेसर आणि सगळे पंप पिशवीत न्या, आणि 'दाखवा' म्हणायच्या ऐवजी 'मी करून दाखवते, चूक सांगा' म्हणा. घरी मुलाला औषध देणारं प्रत्येक माणूस एकदा तरी असं बसलं पाहिजे, फक्त आई नव्हे. झटका येऊन गेला असेल तर आठवडाभरात ही भेट ठेवा, नेहमीच्या तारखेची वाट बघू नका.

जबाबदारी मुलाकडे देताना घाई होते. आठ-नऊ वर्षांचं मूल पंप नीट वापरतं म्हणून ते आठवणीने वापरेल असं नाही. वापर त्याचा, आठवण तुमची, असं बरीच वर्षं चालतं. सकाळ-रात्री दात घासायच्या आधी पंप ठेवला की वेळ ठरते आणि चूळही आपोआप भरली जाते. चूळ भरून थुंकायची, गिळायची नाही, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात. मास्क वापरणाऱ्या लहानग्याचा चेहराही पुसून घ्या.

---

रानवारा

चट्ट्यांचं माहीत नव्हतं. अजून एक: घरात दोन मुलांना दमा असेल तर स्पेसर एकच चालेल का?

---

डबी-बाटली

नाही, वेगळा ठेवा, नाव लिहून. सर्दी एकाची दुसऱ्याला जाते हे एक, आणि मास्कचं माप वयाप्रमाणे वेगळं असतं हे दुसरं. मोठ्याचा मास्क धाकट्याच्या हनुवटीखाली जातो आणि डोळ्यांवर येतो, म्हणजे फट राहिलीच. धाकट्याचा मास्क विकत घेताना त्याला बरोबर न्या, नाकाच्या वरपासून खालच्या ओठाखालपर्यंत बसतो का ते तिथेच लावून बघा.